जानेवारीत नको, एप्रिलमध्ये ये

इंदूरहून एम.एस्सी. झाली, जानेवारीत चिलीत सबमिलिमीटर दुर्बिणीवर रुजू व्हायचंय, काय शिकून येऊ नि काय आणू, असं विचारलंस. आधी तारीख एप्रिलपर्यंत पुढे ढकलता येते का बघ. जानेवारी-फेब्रुवारीत ॲमेझॉनकडची दमट हवा डोंगरावर चढते. अल्मा ही तिथली मोठी दुर्बीण-मालिका तर फेब्रुवारीत निरीक्षणं थांबवून देखभाल करते. नवख्याला नेमकं तेव्हा बघायला काहीच नसतं.

सगळं भांडण वाफेशी आहे. आपली दुर्बीण पकडते त्या ०.३ ते १ मिलिमीटरच्या लहरी ती गिळते. श्रावणात इंदूरवरच्या हवेतली सगळी वाफ पिळली तर ५ सेंटिमीटरच्या आसपास पाणी निघेल. ५००० मीटरवरच्या चाखनंतोरला, म्हणजे जिथे दुर्बिणी आहेत त्या पठारावर, चांगल्या रात्री अर्धा मिलिमीटर. ८५० मायक्रॉनच्या (०.८५ मिलिमीटर) लहरींचं काम १-२ मिलिमीटरमध्येही निभतं, ३५० ला मात्र अर्ध्याच्या खालीच हवं. म्हणून रात्रीचा कार्यक्रम वाफेच्या आकड्यावर बदलत राहतो. दीर्घिका नंतर, आधी हा आकडा वाचायला शिक.

कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप जुळवणं, हातानं सोडवून ये. रिसीव्हरला, म्हणजे लहरी टिपणाऱ्या यंत्राला, गरम आणि थंड लोड (तापमान माहीत असलेल्या वस्तू) आळीपाळीनं दाखवून त्याचा स्वतःचा गोंगाट किती ते काढतात. थंड लोड द्रव नायट्रोजनचा असेल तर पुस्तकातलं ७७ केल्विन घालू नकोस: वर हवेचा दाब जवळपास निम्मा, नायट्रोजन ७३ च्या आसपासच उकळतो. ७७ घातलंस की रिसीव्हर आहे त्याहून शांत दिसतो, आणि ही चूक कुठेही लाल दिवा लावत नाही.

लॅपटॉपला एसएसडीच हवी. फिरत्या डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं. साध्या डिस्क साधारण ३००० मीटरपर्यंतच्याच असतात, वर हेड तबकडीला घासतं. झोपायचं खालीच, वर डोकं दुखायला लागलं तर लगेच सांगायचं, ऑक्सिजनची नळी लावायला लाजायचं नाही. विरळ हवेत साधी बेरीजही चुकते, म्हणून दुर्बिणीला द्यायच्या आज्ञा आधी लिहून ठेव.

कुकर आण. पायथ्याचं गाव सान पेद्रो २४०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांना उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ लवकर मऊ होत नाही. डाळ, मेथ्या, मोहरी विमानतळावरच्या फॉर्मवर लिही. बियांच्या बाबतीत चिली फार कडक आहे, लपवलंस तर दंड. शेवही लिही. व्होल्टेज जवळपास आपल्याइतकंच, २२०, पण तिन्ही पिना एका ओळीत, तेव्हा अडॅप्टर लागेलच.