शॅम्पेनच्या तळघरांत पहिल्यांदा जाताय?

पॅरिसहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर रँस किंवा एपर्ने, एकच गाव धरा. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकाहून रँसला वेगवान गाडीने पाऊण तास लागतो. दिवसाला दोनच घरं (म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या कंपन्या) पुरेत. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही. बुकिंग आधीच करा, दारात उभं राहून सहसा प्रवेश मिळत नाही.

उन्हाळ्यातही जाकीट लागतंच. खडूच्या दगडातली तळघरं बारा महिने १०-१२ अंशांवर असतात. रँसमधल्या पॉमरी या घराच्या तळघरात ११६ पायऱ्या उतराव्या लागतात (आणि चढाव्याही), त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी आधी चौकशी करावी.

चाखायला बसलात की पहिला प्रश्न साखरेचा विचारा. ‘ब्रूत’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, ‘दमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५०. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावाला फसू नका, ती ब्रूतपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. क्रम कोरडीकडून गोडीकडे ठेवा. उलटं केलंत तर ब्रूत उगाच आंबट लागते. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनदिक्कत वापरा. रिकाम्या पोटी जाऊ नका. बुडबुड्यांमुळे लवकर चढते.

भारतात परतताना माणशी २ लिटर करमुक्त, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. घरी उघडताना बाटली चांगली गार असू द्या, बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. आत सुमारे ६ बार दाब असतो, कारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट.