आधी वही, मग दर

चिरंजीव कन्येस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्याला जोडलेला, लहान विमान ताशी भाड्याने देणाऱ्या तीन ठिकाणच्या दरांचा तक्ता, दोन्ही मिळाले. तक्ता नीटनेटका आहे, परंतु तो पाहून मी थोडा चिडलो, हे आधीच सांगून टाकतो. त्यात ताशी दर आहे, आगाऊ भरायची रक्कम आहे, छत्रपती संभाजीनगरपासूनचे अंतर आहे, मुक्कामाचा खर्चसुद्धा आहे. मात्र त्या तिन्हींपैकी प्रत्येक विमान गेल्या महिन्यात किती तास उडाले, हा रकानाच नाही. सर्वांत स्वस्त ठिकाणी 25 तासांचे पैसे एकदम भरले तर दर आणखी उतरतो, तेव्हा भरू का, असे तू विचारतेस. भरू नकोस. निदान त्या विमानाचा टेक लॉग, म्हणजे त्याच्या उड्डाणांची आणि दुरुस्त्यांची वही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भरू नकोस. आधी वही, मग दर. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळा आला तरी वाचून पूर्ण कर.

तुझी अडचण मला कळते, कारण ती माझीही होती. मराठवाड्यात धावपट्ट्यांची वाण नाही. आपल्या संभाजीनगरचे चिकलठाणा आहे, नांदेड आहे, लातूर आहे, धाराशिव आहे. 2009 साली लातूर, नांदेड आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे विमानतळ बारामती व यवतमाळसोबत 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, तेव्हा आता आपल्याकडे लहान विमाने गुणगुणू लागतील असे आम्हा चार-दोन वेड्यांना वाटले होते. त्याचे काय झाले ते तू पाहतेसच. म्हणूनच तुझ्या तक्त्यातले एक ठिकाण खानदेशातले, एक पश्चिम महाराष्ट्रातले आणि एक विदर्भातले आहे. आपल्या भागातले एकही नाही. याचा अर्थ असा की, वाळूजच्या नोकरीतून मिळणारी आठवड्याची एक सुट्टी घेऊन तू पहाटे निघणार, आणि तिथे पोहोचल्यावर विमान उभे असेल, तर ताशी दर कितीही कमी असला तरी त्या दिवसाचा तुझा दर अनंत आहे.

आता माझी चूक सांगतो. खासगी वैमानिकाचा परवाना हातात आला तेव्हा मी तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा होतो आणि घराच्या गिलाव्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्याकडे होते. एका ठिकाणी, त्याचे नाव घेत नाही, 30 तासांचे पैसे आगाऊ भरले तर दरात चांगली सूट मिळत होती. मी गेलो, सेसना 152 या दोन आसनी विमानाभोवती एक फेरी मारली, इंजिनच्या झाकणाच्या फटीतून आत पाहिले, तर सिलिंडरच्या मागे चिमणीने काड्या आणि सुतळीचे तुकडे आणून छान घरटे बांधलेले होते. शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकने हात घालून ते बाहेर काढले आणि आम्ही दोघेही हसलो. मला ते गोड वाटले! जे इंजिन दिवसाआड सुरू होते त्यात चिमणी घर करत नाही, एवढी साधी गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला कळू नये, याची लाज मला आजही वाटते. वही कार्यालयातल्या टेबलावर उघडीच पडली होती आणि शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची होती. ती मी पाहिली नाही, कारण मी दरपत्रक पाहत होतो. त्या 30 तासांपैकी मला सात तास मिळाले. उरलेल्यांसाठी मी अकरा खेपा केल्या आणि प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्यात सुटा भाग येणार होता. घर तीन वर्षे बिनगिलाव्याचे राहिले आणि दिवाळीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याचे कारण सांगावे लागले.

तेव्हा स्वस्ताईचा उगम कुठे आहे, हे आधी शोध. सेसना 152 ताशी साधारण 23 लिटर ॲव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचे पेट्रोल, पिते आणि तिची चार आसनी बहीण सेसना 172 तीस-पस्तीस लिटर. हे इंधन आपल्याकडे वर्षानुवर्षे बाहेरून येत होते. 2022 साली इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात ते तयार करायला सुरुवात केली. पण ते कोठूनही आले तरी एका फ्लाइंग क्लबला फुकट आणि दुसऱ्याला विकत मिळत नाही. विमा सर्वांना आहे, हँगर सर्वांना आहे. मग एखादा दर इतरांपेक्षा पुष्कळच खाली असेल, तर तो मालक वाचवतो कोठून? एक तर देखभालीतून, नाही तर तुझ्यासारख्यांच्या आगाऊ पैशांतून, म्हणजे तुझ्या पैशांनी मागच्याचे विमान दुरुस्त होते आणि तुझे विमान पुढच्याच्या पैशांची वाट पाहते. तिसरीही एक शक्यता आहे आणि ती चांगली आहे: विमान इतके उडते की ठरलेला खर्च अनेक तासांत वाटला जातो. ही तिसरी शक्यता पहिल्या दोन्हींपासून वेगळी ओळखण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे वही.

उभे विमान झिजत नाही, असे मानणारी माणसे भेटतील. त्यांना ऐकून घे आणि पुढे चल. या विमानांत बसणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या बहुतेक इंजिनांना ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून पुन्हा बांधण्याची, मर्यादा 2,000 तासांच्या आसपास आहे, पण तिच्याच जोडीला 12 वर्षांची मर्यादाही निर्मात्याने सांगितलेली आहे. आणि ती उगाच नाही. इंजिन पडून राहिले की कॅमशाफ्टवरचे तेल ओघळून जाते, गंज धरतो, रबरी सील वाळतात, वेग मोजणाऱ्या पिटोच्या नळीत कुंभारीण माशी माती भरून ठेवते. रोज दोन-तीन फेऱ्या मारणाऱ्या, रंग उडालेल्या, सीटचे कापड फाटलेल्या विमानात मी डोळे मिटून बसेन. चकचकीत धुऊन ठेवलेल्या आणि महिनाभर न हललेल्या विमानात बसण्यापूर्वी मी अर्धा तास तपासणी करेन. रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीत, इंजिनाच्या मिनिटाला 1,700 फेऱ्यांवर ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची चावी एकेका बाजूला फिरवशील तेव्हा फेऱ्यांची सुई 125 पेक्षा जास्त उतरता कामा नये आणि दोन्ही बाजूंत 50 पेक्षा जास्त फरक पडता कामा नये, हे तुला पाठ आहे. पण ती सुई पडून राहिलेल्या विमानात कशी अडखळते, हे तू अजून पाहिलेले नाहीस, आणि पाहू नयेस अशी माझी इच्छा आहे.

हिशेबाने पटत असेल तर हिशेबही करून देतो. आकडे सोयीसाठी लहान घेऊ. समजा, स्वस्त ठिकाणी ताशी 100 आहेत आणि महाग ठिकाणी 130, प्रशिक्षकाचे ताशी 20 वेगळे, आणि तुला वर्षात एकटीने 10 तास उडायचे आहे. स्वस्त विमान वरचेवर बंद, त्यामुळे तुझ्या उड्डाणात प्रत्येक वेळी खंड पडणार. खंड पडला की कोणताही शहाणा क्लब आधी प्रशिक्षकासोबत तपासणी उड्डाण करायला लावणार. दर दोन तासांमागे असा एक तास धरला तर 15 तासांचे 1,500 आणि प्रशिक्षकाचे 100 मिळून 1,600 होतात. महाग ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला एकच तपासणी, म्हणजे 11 तासांचे 1,430 आणि 20, एकूण 1,450. यात वाया गेलेल्या खेपांचे पेट्रोल आणि रजा धरलेलीच नाही. गेली कित्येक वर्षे मी हा हिशेब लोकांना सांगतो आणि ते मान हलवून पुन्हा ताशी दरच विचारतात.

मीटरचा प्रश्न मात्र तू चांगला विचारला आहेस. आपल्याकडे शेततळे खोदायला जेसीबी आणला की, मीटर मशीन सुरू झाल्यापासून धरायचा की काम सुरू झाल्यापासून, यावर बांधावरच वाद होतो. आणि नांगरटीचा ट्रॅक्टर ठरवताना डिझेल कोणाचे, हे आधी विचारले जाते. विमानाचे अगदी तसेच आहे. इंधनासह दर असेल तर तो वेट, इंधनाविना असेल तर ड्राय. हॉब्ज मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो. टॅकोमीटरवरचे तास मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे जमिनीवर मंद गतीने थांबलेले असताना ते हळू सरकतात. दर सारखाच असेल तर टॅकोवर भाडे आकारणारा तुला स्वस्त पडेल. आणखी एक गोष्ट तुझ्या तक्त्यात नाही: जिथे प्रवासी विमानांची ये-जा आहे तिथे तू धावपट्टीच्या तोंडाशी थांबून राहशील आणि मीटर चालूच राहील, निवांत धावपट्टीवर त्याच तासात दुप्पट लँडिंग होतील. तासांपेक्षा लँडिंग मोज.

उन्हाळ्याचे एक सांगतो, कारण मे महिन्यात दुपारचे तास स्वस्त मिळतात असे तू हर्षाने लिहिले आहेस. ते का स्वस्त असतात, याचा विचार केलास का? चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंच आहे. तेवढ्याच उंचीवर 42 अंश तापमान असेल तर विमानाच्या लेखी ती हवा साडेपाच हजार फुटांवरची असते. इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, धाव लांब. सेसना 152 ची टाकी पूर्ण भरली की दोन माणसे आणि सामान यांच्यासाठी साधारण 170 किलो उरतात, आणि आपल्याकडचे प्रशिक्षक काही चवळीची शेंग नसतात. उन्हाळ्यात सूर्योदयाचा पहिला तास घे, तो महाग असला तरी घे.

विम्याबद्दल थोडक्यात: भाड्याने घेणारा वैमानिक त्यात धरलेला आहे का आणि नुकसान झाल्यास पहिली किती रक्कम तुझ्या खिशातून जाईल, हे लेखी घे. कंपनीतील मैत्रिणींना फेरी मारून आणून त्यांच्याकडून पैसे घेण्याची कल्पना डोक्यातून काढून टाक. खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही. चौघांनी मिळून जुने विमान विकत घेण्याबद्दल मी काही लिहीत नाही. आम्ही तिघांनी एकदा तो विचार केला होता आणि आमची मैत्री टिकली ती केवळ तो विचारच राहिला म्हणून.

क्लब ही कल्पना मुळात याचसाठी जन्माला आली, हे लक्षात ठेव. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 साली जुहूला सुरू झाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला क्रमांक 1 चा परवाना मिळाला. ज्यांना विमान विकत घेणे परवडले असते तेसुद्धा शिकले क्लबच्याच विमानावर, अनेकांनी वापरलेल्या, रोज उडणाऱ्या.

मी नंतर काय केले, हे तू विचारलेले नाहीस, तरी सांगतो. ते 23 तास बुडाल्यानंतर मी जवळपास दीडपट दराच्या ठिकाणी गेलो. दर खेपेला एक-दोन तासांचेच पैसे भरले, आगाऊ कधी एक रुपया दिला नाही आणि गेल्या गेल्या कार्यालयात वही मागितली. तेथील लोक मला कंटाळले. पहिल्या वर्षी माझे जेमतेम 12 तास झाले. घरात म्हणायचे, एवढ्या पैशात मोटारसायकल आली असती; नातेवाईक म्हणायचे, हट्टाला पेटला आहे. असेन. पण पुढची 12 वर्षे माझे उड्डाण तुटले नाही, आणि माझ्यासोबत परवाना काढलेल्या, स्वस्त तास गोळा करत बसलेल्या दोघांचे तुटले. यात मी स्वतःचीच पाठ थोपटतो आहे, हे मला दिसते. मात्र गिलाव्याच्या पैशांचे समर्थन मी आजही करू शकत नाही, म्हणून उरलेल्या गोष्टीचे जरा जास्तच करतो, असे समज.

येत्या रविवारी त्या खानदेशातल्या ठिकाणी जाणार असशील तर शनिवारी रात्री कळव. पहाटे चारला निघू, म्हणजे उजाडेपर्यंत कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव मागे पडलेले असेल. माझे मेडिकल, म्हणजे वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, आता नूतनीकरणाला जाणारे नाही आणि विमानात दोनच जागा असतात, तेव्हा मी हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून बसेन. चेकबुक घरी ठेवून ये. वही तू मागायची, मी नाही. आणि त्यांनी ती देण्यास आढेवेढे घेतले तर चाळीसगावला नाश्ता करून परत येऊ.

तुझा,
काका