लघवीची गोळी आणि शहाळ्याचं पाणी

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. बीपीसाठी तीन आठवड्यांपूर्वी क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम ही लघवीची गोळी सुरू झाली. आता पोटऱ्यांत गोळे येतात, चालताना तोल जातो, दिवसभर झापड असते. सोडियम १२६ आणि पोटॅशियम ३.२ आलं. डॉक्टरांनी फोनवर गोळी बंद करून पाणी कमी करायला सांगितलंय. एप्रिलच्या उन्हात पाणी कमी करायचं? शेजारी तर शहाळ्याचं पाणी भरपूर द्या म्हणतात.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. सोडियम (१३५ ते १४५ हवं) उतरलं की अंगातलं मीठ संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मिठाच्या मानाने पाणी जास्त झालेलं असतं. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड या गोळ्या मूत्रपिंडाच्या ज्या नळीवर काम करतात, तिथेच एरवी लघवी पातळ होते. ती सोय बिघडली की मीठ आणि पोटॅशियम जातं, पण प्यायलेलं जादा पाणी आत राहतं. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या, बारीक अंगाच्या वयस्कर बायकांना हा त्रास लवकर होतो, तोही बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. म्हणूनच गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासायचं असतं. नेमकं तेच राहून जातं.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम बेताचंच. लोटाभर पाजलंत तर सोडियम आणखी उतरेल.

मात्र १२६ सोबत झापड आणि तोल जाणं असेल तर फोनवर भागवू नका, आजच दाखवा. असंबद्ध बोलणं, उलट्या किंवा झटका आला तर थेट इमर्जन्सी. घरी चमचा-चमचा मीठ चारू नका. सोडियम २४ तासांत साधारण ८ पेक्षा जास्त चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. क्लोरथॅलिडोनचा असर गोळी थांबवल्यावरही काही दिवस टिकतो, त्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागेल. आणि फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवा : या गटाची गोळी नको.

प्रश्न : वडिलांचं हृदय कमजोर आहे. लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) चालू आहे. लघवीच्या गोळीने पोटॅशियम जातं म्हणून रोज एक शहाळं देतो, आता रिपोर्टमध्ये ते उलट वाढून ५.८!
– एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमच्या गोळीच्या स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडच्या नावापुढे ‘प्लस’ असेल तर बहुधा टॉरसेमाइडबरोबर स्पायरोनोलॅक्टोनही आहे. पहिलं पोटॅशियम घालवतं, दुसरं राखून ठेवतं. टेल्मिसार्टनही राखणाऱ्यांतलंच. वर शहाळं! घरात ‘लो सोडियम’ मीठ असेल तर तेही बंद करा, त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

५.८ आलं म्हणजे त्याच दिवशी पुन्हा तपासणी आणि ईसीजी. रक्त देताना मूठ आवळत-सोडत राहिलं, किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर आकडा खोटाच चढतो. पण तसं झालं असेल असं धरून घरी थांबू नका. गोळ्याही मनाने बंद करू नका, टॉरसेमाइड थांबली तर पायांवर सूज आणि धाप परत येईल. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्या दिवशीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा.