नव्या गाडीतले चार्जिंग पोर्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नव्या गाडीत पुढे दोन टाइप-सी पोर्ट आहेत. घरी फोन तासाभरात भरतो. गाडीत नकाशा चालू असला की टक्का जिथल्या तिथे राहतो. पोर्टमध्ये दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पोर्टच्या आकारावरून फक्त कोणती पिन बसेल ते समजते, आतून वीज किती मिळेल ते समजत नाही. साध्या टाइप-सी पोर्टमधून ५ व्होल्टला जास्तीत जास्त ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट मिळू शकतात. 'पॉवर डिलिव्हरी' असलेला पोर्ट व्होल्टेज वाढवतो. ९ व्होल्ट आणि ३ अँपिअरला २७ वॅट होतात, २० व्होल्टला ६० वॅटपर्यंत जाता येते. उलट, मुख्यतः पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेल्या जुन्या टाइप-ए पोर्टमधून अनेकदा अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅटच मिळतात. पूर्ण उजेडातली स्क्रीन, जीपीएस आणि इंटरनेट एकत्र चालू असले की फोन तेवढी वीज सहज खाऊन टाकतो.

दुसरे कारण फोनच्या बाजूचे असते. काही कंपन्यांचे वेगवान चार्जिंग त्यांच्याच अ‍ॅडॉप्टर आणि केबलवर चालते. गाडीच्या पोर्टला ती पद्धत कळत नाही, म्हणून दोघांना समजेल अशा कमी वॅटवर तडजोड होते. घरच्या वेगाची अपेक्षा गाडीकडून ठेवायची तर आधी ही जोडी जुळते का ते बघावे लागते.

मॅन्युअलमध्ये प्रत्येक पोर्टपुढे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. दोन्ही पोर्ट एकदम वापरल्यावर वीज वाटली जाते का, हेही तिथेच पाहा. मग केबल बदलून बघा. लांब, बारीक तारेच्या केबलमध्ये व्होल्टेज पडते आणि चार्जिंग मंदावते. एवढे करूनही शंका राहिली तर पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर घ्या, खरा आकडा समोर दिसेल. आणि फोन उन्हात काचेजवळ लावलेला असेल तर तो तापल्यामुळे स्वतःच चार्जिंग कमी करतो. तिथे पोर्टचा काहीच संबंध नसतो.

प्रश्न : एका पोर्टला लावले की फोन गाडीच्या स्क्रीनवर दिसतो, दुसऱ्याला लावला तर नुसता चार्ज होतो.

उत्तर : दुसरा पोर्ट फक्त चार्जिंगचा आहे, त्याच्यामागे डेटाच्या तारा नाहीत. डेटाच्या पोर्टशेजारी बहुतेक गाड्यांत यूएसबीचे त्रिशूळासारखे किंवा फोनचे चिन्ह असते, चार्जिंगच्या पोर्टशेजारी बॅटरीचे किंवा विजेचे. योग्य पोर्टमध्येही स्क्रीन जोडली जात नसेल तर केबलमध्येच डेटाच्या तारा नाहीत का ते तपासा. केबल एक मीटरपेक्षा आखूड ठेवा. खड्ड्यात जोडणी तुटत असेल तर फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापूस आणि धूळ साचलेली असण्याची शक्यता मोठी. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, सुई वापरू नका.

प्रश्न : १२ व्होल्टच्या सॉकेटला हवा भरायचा पंप लावला. दोन मिनिटांत सॉकेट बंद पडले.

उत्तर : फ्यूज उडाला आहे. सॉकेटच्या झाकणावर १२० वॅट लिहिले असेल तर १२ व्होल्टला ती १० अँपिअरची मर्यादा झाली. टायरचे बरेच पंप १० ते १५ अँपिअर ओढतात आणि मोटर सुरू होताना तर त्याहून जास्त. म्हणून पंप घेताना त्याच्यावरचा अँपिअरचा आकडा सॉकेटच्या आकड्यापेक्षा कमी आहे ना, ते आधी बघायचे. दांडगा पंप हवाच असेल तर चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचा घ्या.

फ्यूज बदलायला गाडी पूर्ण बंद करा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो, त्यात पॉवर आउटलेटचा फ्यूज शोधा आणि प्लॅस्टिकच्या चिमट्याने सरळ वर ओढा. आतली तार तुटलेली दिसेल. तितक्याच अँपिअरचा नवा बसवा : लाल १०चा, निळा १५चा, पिवळा २०चा. 'पुन्हा उडायला नको' म्हणून मोठा फ्यूज कधीही घालू नका. फ्यूज वायरच्या जाडीनुसार ठरवलेला असतो. मोठा घातला तर फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डामागची वायर वितळते, आग इथूनच लागते.

नवा फ्यूज काहीही न लावता लगेच उडाला तर सॉकेटमध्ये डोकावा. तळाशी पडलेले नाणे मधले धन टोक आणि कडा जोडून टाकते.

प्रश्न : वायरलेस चार्जिंगच्या जागेवर फोन तापतो आणि चार्जिंग मध्येच थांबते.

उत्तर : फोनची आणि गाडीची कॉइल (तारेचे वेटोळे) समोरासमोर नसली की विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. वळणावर फोन बोटभर सरकला तरी पुरते. जाड कव्हर, कव्हरवरची धातूची रिंग किंवा पट्टी काढून बघा. फोन आणि पॅड यांच्यामध्ये बँकेचे कार्ड किंवा किल्ली ठेवू नका. कार्ड खराब होऊ शकते, किल्ली तापते. काही गाड्यांत दार उघडल्यावर गाडी खिशातल्या रिमोट किल्लीचा शोध घेते, तेवढ्यापुरते चार्जिंग थांबते. तो दोष नव्हे. लांबच्या प्रवासात नकाशा चालू ठेवायचा असेल तर केबलच बरी.

प्रश्न : डॅशकॅम रात्रभर चालू ठेवला तर बॅटरी उतरेल का?

उत्तर : हिशेब करू. कॅमेरा ४ वॅट घेत असेल तर १२ व्होल्टला सुमारे ०.३३ अँपिअर, म्हणजे २४ तासांत ८ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास). ४५ अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीला एक रात्र जड नाही. तीन दिवस गाडी हलली नाही तर निम्म्याहून जास्त बॅटरी संपते, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी वारंवार उतरली की तिचे आयुष्य घटते. म्हणून ठरावीक व्होल्टेजला स्वतः बंद होणारा वायरिंग किट बसवा. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, तेव्हा मर्यादा १२.२ला लावा. इलेक्ट्रिक गाडीतही हे सॉकेट सहसा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच असते, मोठी बॅटरी भरलेली आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : गाडी बुक करण्याआधी या बाबतीत काय बघावे?

उत्तर : घरचा फोन आणि घरचीच केबल घेऊन जा. मागच्या सीटवर बसून पोर्ट हाताला लागतो का, पिन लावल्यावर गुडघा त्यावर आपटतो का ते बघा. पुढच्या कप्प्याचे झाकण केबल लावून बंद होते का? पोर्ट बाटलीच्या खाचेच्या खाली असेल तर सांडलेले पाणी थेट त्यात जाणार. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी ४५ किंवा ६० वॅटचा पोर्ट आहे का ते विचारावे, आणि सोबत नेलेला लॅपटॉप लावून 'चार्जिंग' अक्षरे दिसेपर्यंत सीटवरून उठू नये.