तारकुंड्यांनी जिंकलेले खटले विचारलेत, मी हरलेले सांगतो

प्रश्न असा आहे : "मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मानवाधिकार वकील म्हटलं की वि. म. तारकुंडे यांचं नाव येतं. त्यांनी जिंकलेले मोठे खटले कोणते?"

मी सांगलीत फौजदारी बाजूला वकिली करतो. विजयनगरच्या कोर्टात आमचं रोजचं काम म्हणजे रिमांड, जामीन, उलटतपास आणि पुढची तारीख. मानवाधिकार वकील अशी पाटी इथे कुणी लावत नाही. लावली तर अशील पायरी चढायचा नाही. तरी ज्युनियर मुलं आली की मी त्यांना तारकुंडे वाचायला सांगतो. मात्र त्यांचे जे खटले मला मोठे वाटतात, ते निकालाच्या दिवशी एक तर हरलेले आहेत, नाही तर अर्धेमुर्धे जिंकलेले.

आधी माणूस सांगतो. विठ्ठल महादेव तारकुंडे, जन्म १९०९, सासवडचे. वडील तिथेच वकील. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली सुरू केली आणि पुढे क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांत इतके गुंतले की १९४२ मध्ये चालती वकिली सोडून पूर्णवेळ रॉय यांच्या पक्षाच्या कामाला लागले. सांगली-साताऱ्याच्या माणसाला इथे थोडं अडखळायला होतं. आमच्याकडे बेचाळीस म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील आणि प्रतिसरकार. रॉयवाद्यांचं म्हणणं होतं की हिटलर-मुसोलिनी हरणं आधी महत्त्वाचं. म्हणून चलेजावला त्यांचा विरोध होता. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींवरही रॉय यांचा मोठा प्रभाव होता. मला स्वतःला ती भूमिका पटत नाही. पण चारी बाजूंनी शिव्या खात आपल्या मताला धरून राहायची सवय तारकुंड्यांना तेव्हापासूनची, हे कबूल करावं लागतं.

१९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. गौरवाच्या लेखांत सहसा गाळला जाणारा भाग इथे येतो. १९६४ मध्ये त्यांच्यापुढे 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आधीची साक्ष छापून आल्यामुळे धंद्याला फटका बसला, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली, आणि न्या. तारकुंडे यांनी त्याची पुढची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तोच नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला. (आडनावामुळे आमच्या मिरजेच्या पोरांच्या तो पटकन ध्यानात राहतो.) १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींपैकी आठ जणांनी पत्रकारांची याचिका फेटाळली. एकटे न्या. हिदायतुल्ला वेगळे गेले, त्यांना हा आदेश मान्य नव्हता. म्हणजे पुढे ज्यांना नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू म्हटलं गेलं, त्यांचाच वृत्तपत्रांचं तोंड बंद करणारा आदेश देशाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. कोर्टातल्या कामाच्या बातम्या काही काळ रोखता येतात का, या प्रश्नावर त्या निकालाचा आधार २०१२ मध्ये सहारा-सेबी प्रकरणातही घेतला गेला. माझं मत हिदायतुल्लांच्या बाजूचं आहे.

१९६९ मध्ये त्यांनी न्यायमूर्तिपद सोडलं आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' ही संघटना काढली. बेचाळीसला चलेजावमध्ये उतरलेले जेपी आणि चलेजावला विरोध करणारे रॉयवादी एका मांडवात! १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्यासाठीची, पुढे पीयूसीएल म्हणून ओळखली गेलेली संघटना उभी राहिली, तिच्यातही ते पुढे होते.

त्याच वर्षीचा एडीएम जबलपूर खटला तुम्ही अभ्यासक्रमात वाचलाच असेल. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्या लोकांच्या हेबियस कॉर्पस (अटक बेकायदा आहे, सोडा, अशा) याचिका ऐकता येतात, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं आणि सरकार त्याविरुद्ध अपिलात आलं होतं. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत शांतिभूषण, सोली सोराबजी यांच्याबरोबर तारकुंडे होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला : आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. विरोधात फक्त न्या. खन्ना. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. तो निकाल उघड शब्दांत रद्द व्हायला २०१७ साल उजाडावं लागलं, खासगीपणाच्या अधिकाराच्या खटल्यात, आणि तेही त्याच चंद्रचूडांच्या मुलाच्या लेखणीने. तारकुंडे २००४ मध्येच गेले होते.

न्यायाधीशांच्या नेमणुकांचंही तेच. दिल्ली उच्च न्यायालयातल्या अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या, न्यायाधीशांना सरकार तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ देत होतं, त्याविरुद्ध ते स्वतः याचिकाकर्ते झाले. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात नेमणुकांबाबत शेवटचा शब्द सरकारचाच ठरला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो भाग उलटवला. मात्र दुसऱ्याच्या हक्कासाठी तिसऱ्याला कोर्टात येऊ देणारा, जनहित याचिकांचा पाया घालणारा भागही त्याच हरलेल्या निकालात आहे.

आणि मुंबईतले पदपथावर राहणारे लोक. १९८१ च्या भर पावसाळ्यात त्यांना उचलून बाहेर घालवायचा हुकूम निघाला, त्यावरचा ओल्गा टेलिस खटला. इंदिरा जयसिंग, राम जेठमलानी आणि तारकुंडे पदपथवासीयांच्या बाजूने. १९८५ चा निकाल पुन्हा य. वि. चंद्रचूडांचा, आता सरन्यायाधीश म्हणून. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचं साधनही येतं, हे त्यांनी मान्य केलं. तरी नोटीस देऊन, पावसाळा सरल्यावर झोपड्या हलवायला परवानगी दिलीच. आज कुठलीही अतिक्रमण कारवाई थांबवायला गेलं की पहिला दाखला त्याचाच निघतो.

कोर्टाबाहेरचं एकच काम सांगतो. १९७७ मध्ये आंध्रात नक्षलवादी म्हणून 'चकमकीत' मारल्या गेलेल्या तरुणांची चौकशी करायला जेपींनी समिती नेमली. अध्यक्ष तारकुंडे, सोबत हैदराबादचे वकील कन्नबिरन. नक्षलवाद्यांचा हिंसेचा मार्ग तारकुंड्यांना अजिबात मान्य नव्हता. तरीही लोकांकडून जबाब घेतले, पोलिसांची कथा पुराव्याशी ताडून पाहिली आणि पकडून मारल्याचे आरोप लेखी अहवालात मांडले. मला हे त्यांच्या युक्तिवादांपेक्षा मोठं वाटतं, कारण हे करायला कायद्याची हुशारी कमी आणि धीर जास्त लागतो.

तुम्ही तालुक्याच्या कोर्टात बसणार असाल तर याचा उपयोग काय? अटकेची खरी वेळ कोणती, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे आणलं का, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर जखमा लिहिल्यात का, हे रिमांडच्या वेळी उभं राहून विचारायचं. न्यायाधीश घाईत असतात, सीनियर डोळे वटारतात, तरी अर्ज लेखी द्यायचा. फेटाळला तर फेटाळला, रेकॉर्डवर राहतो. पूर्वी पुढची पायरी म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठणं, त्यामुळे गरिबाचं प्रकरण तिथेच थांबायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, सांगलीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

वाचायला सुरुवात मिरजकर खटल्यातल्या हिदायतुल्लांच्या निकालपत्रापासून करा, मग जबलपूरमधले खन्ना. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता इंटरनेटवर फुकट मिळतात. गाइड घेऊ नका.