दोन पुस्तकं एकाच वेळी रंगात नकोत

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. एक ३२ पानी चित्रपुस्तक, किशोर कादंबरीसाठी १५ काळी-पांढरी चित्रं आणि मुखपृष्ठ, चार दिवाळी अंकांतल्या कथाचित्रांची कामं. त्यात आता आणखी एका चित्रपुस्तकासाठी फोन आला आहे आणि हो म्हणू का, असं तू विचारतेस. उत्तर द्यायच्या आधी एवढं कर: हातातलं प्रत्येक काम आज कुठल्या टप्प्यावर आहे ते कागदावर लिहून काढ. किती पुस्तकं झेपतील हे त्यांच्या संख्येवरून कळत नाही. एकाचे रफ (कच्ची रेखाटनं) चालू आहेत, दुसरं संपादकाकडे मंजुरीला गेलंय, तिसरं रंगात आहे, अशी तीन पुस्तकं सुखाने चालतात. पण दोनच पुस्तकं असली आणि दोन्ही एकदम रंगात आली, तर दोन्ही बिघडतात.

बिघडतात ती वेळ कमी पडतो म्हणून नाही. रंगवताना पाण्याचं प्रमाण, ब्रशचा दाब, सावलीचा रंग हे सगळं चार-पाच दिवसांत हातात बसतं. मधेच दुसऱ्या पुस्तकाचे रंग हातात घेतले की ते मोडतं. परत आल्यावर पहिला अर्धा दिवस ‘आपण हे कसं करत होतो’ हे शोधण्यात जातो. आणि पान ६ वरच्या आजीची साडी पान २० वर वेगळ्याच हिरव्या रंगाची होते.

आधी ३२ पानांचा खरा हिशेब मांडू. अर्धशीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता साधारण १३ जोडपानं (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) उरतात. थंबनेल (पानांचे छोटे आराखडे) ३ दिवस, पात्रांचे तक्ते ४, रफ दिवसाला एक जोडपान धरून १३, दुरुस्त्या ५, रंग जोडपानाला दोन दिवस म्हणजे २६, मुखपृष्ठ ४, स्कॅन आणि फाइली ३. एकूण ५८ दिवस. हे कामाचे दिवस आहेत, कॅलेंडरचे नव्हेत. महिन्यात असे दिवस २० धर, त्याहून जास्त नको. बाकीचे दिवस फोन, बिलं, संदर्भ शोधणं, बँक, पाहुणे आणि ताप यांत जातात. म्हणजे नुसतं काम तीन महिन्यांचं, आणि मंजुरीची वाट धरून चार-साडेचार. तू प्रकाशकाला ‘दोन महिन्यांत देते’ म्हणालीस तेव्हा फक्त रंगवायचे दिवस मोजले होतेस. नवी मुलं सगळीच हे करतात.

रफ पाठवल्यावर संपादकाकडून उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. ही मोकळीक दुसऱ्या कामाची जागा आहे. तिथे रफ, थंबनेल किंवा काळी-पांढरी रेषा बसव. दिवाळी अंकाची कथाचित्रं अशा फटींत उत्तम बसतात, कारण एक कथा साधारण दोन दिवसांत निकाली निघते. ज्या कामांचा हात वेगळा आहे ती शेजारी ठेवावीत. जलरंगाच्या जोडीला शाईची रेषा चालते, एका जलरंगाच्या जोडीला दुसरा जलरंग चालत नाही.

एखादं पुस्तक बाजूला ठेवताना त्याच संध्याकाळी परतीची चिठ्ठी लिहायची. ही सवय पहिल्या कामापासून लाव. चिठ्ठीत काय असावं? उदाहरणार्थ: ‘पान १४-१५. आकाश झालं. झाडाची सावली राहिली. सॅप ग्रीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, ८ नंबरचा गोल ब्रश. पहिला थर पूर्ण वाळू द्यायचा. मुलाच्या उजव्या हातात पिशवी, पान १२ वर डाव्या हातात दिसते, ते तपासायचं. पुढची पहिली कृती: कुंपण.’ ही शेवटची ओळ कधीही गाळू नकोस. तीन आठवड्यांनी टेबलाशी बसल्यावर सगळ्यांत अवघड असतं ते सुरुवात कुठून करायची हे ठरवणं, आणि ते आधीच ठरलेलं असतं. चिठ्ठीसोबत त्याच कागदाचा एक तुकडा जोड, त्यावर पुस्तकातल्या दहा-बारा मुख्य रंगांचे चौकोन, प्रत्येकाखाली मिश्रण आणि कंपनीचं नाव. सॅप ग्रीन हा आता बहुतेक मिश्रणातून बनवलेला रंग असतो. दोन कंपन्यांच्या ट्यूबमधून दोन वेगळे हिरवे निघतात. डिजिटल काम असेल तर रंगपट्टी, ब्रशचं नाव आणि साइज त्या पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ठेव. प्रोग्रॅममध्ये ठेवलेलं पुढच्या पुस्तकात मिसळून जातं.

तू जलरंगात काम करतेस म्हणून पावसाचं सांगते. जुलै-ऑगस्टात कोकणात आणि मुंबईत कागद हवेतला ओलावा शोषतो. त्यावरचं साइझिंग, म्हणजे रंग आत शिरू न देणारा लेप, त्याने मरतं. मग रंग वर तरंगत नाही, टीपकागदात शिरावा तसा आत जातो, कडा फुटतात आणि मधेमधे गडद ठिपके उमटतात. कितीही धुतलं तरी ते जात नाहीत. लोक रंगाला दोष देतात, दोष कागदात असतो. कागद झिपच्या मोठ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवा ठेव. सुरुवात करण्यापूर्वी कटिंगच्या बाहेरच्या पट्टीवर एक ओला फटकारा मारून बघ. ठिपके दिसले तर तो कागद रफला वापर. ३०० जीएसएमचा जाड कागद असला तरी पावसाळ्यात एका थराला वाळायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून वरचा ‘जोडपानाला दोन दिवस’ हा हिशेब या दोन महिन्यांत अडीचचा धर. वाकलेलं चित्र स्कॅनरवर ठेवलं की कडेला सावली येते. आदल्या रात्री बटर पेपर घालून वजनाखाली दाबून ठेव. आणि एका पुस्तकाची सगळी चित्रं एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, आपोआप रंग सुधारणारी सोय बंद करून स्कॅन कर. आज पाच आणि पुढच्या आठवड्यात आठ असं केलंस तर कागदाचा पांढरा दोन प्रकारचा येतो.

अनेक पुस्तकं हातात असताना तांत्रिक चूक होते ती एकाचं माप दुसऱ्याला लागल्याने. म्हणून प्रत्येक पुस्तकाचं एक पोस्टकार्डाएवढं कार्ड टेबलासमोर लाव. त्यावर कापल्यानंतरचं माप, ब्लीड (कापताना जाणारी चित्राची जास्तीची कड, चारी बाजूंनी ३ मिमी), बांधणी, कागद, अंतिम तारीख आणि मंजुरी देणाऱ्या एकाच माणसाचं नाव. बांधणी का, तर ३२ पानी सेंटर पिन (मधोमध पिना मारलेल्या) पुस्तकात फक्त पान १६-१७ हे सलग एका कागदावर छापलं जातं. बाकी प्रत्येक जोडपानाचे दोन भाग वेगवेगळ्या जागी छापून मग शेजारी येतात. त्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा सरक पडतो, रंगातही किंचित फरक दिसतो. चेहरा, हात किंवा बारीक तिरपी रेषा मधोमध नेलीस तर ती तुटणार. परफेक्ट बाइंडिंग (पाठीला चिकटवलेली पानं) असेल तर मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना १० ते १२ मिमी जागा गिळली जाते असं धरून चाल. स्कॅन करताना रेषाचित्रांसाठी १२०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), रंगीत चित्रांसाठी छापायच्या मापात ३०० डीपीआय ठीक. मूळ आरजीबी (पडद्यावरच्या रंगांची) फाइल कधी पुसू नकोस, आणि तिचं सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करताना छापखान्याचा रंगांचा प्रोफाइल माग. पोपटी, भगवा आणि झगझगीत निळा हे छपाईत मरगळतात. ते आधीच कळलं तर पुस्तक त्यांच्यावर उभं करायचं टाळता येतं.

मजकुरासाठी जागा सोडताना देवनागरीचा विचार कर. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागतं. मुलांच्या पुस्तकात अक्षर १८ ते २४ पॉइंटचं असतं. रफमध्ये मजकूर खरोखर त्या आकारात टाकून बघ, नुसता चौकोन काढून ‘मजकूर’ लिहू नकोस. आणि दुकानाची पाटी, वहीवरचं नाव अशी अक्षरं चित्रात रंगवू नकोस, वेगळ्या थरावर ठेव. पुढे पुस्तक हिंदीत किंवा कोंकणीत गेलं तर फक्त काळी प्लेट (मजकुराच्या काळ्या शाईची) बदलून काम होतं. पाटी चित्रातच असेल तर ते पान तुला परत रंगवावं लागतं, आणि ते नेमकं दुसरं पुस्तक रंगात असताना.

दुरुस्त्यांबद्दल कडक राहा. लेखिकेचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप, संपादकाची ईमेल आणि प्रकाशकांचा फोन, तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध, ही नेहमीची स्थिती. रफ पाठवतानाच लिही: ‘सर्वांच्या सूचना एकत्र करून, पानवार क्रमांक देऊन, एकाच ईमेलने कळवाव्यात. रफच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत. रंगकामाला मंजुरी दिल्यानंतर रचना बदलल्यास वेगळा मोबदला लागेल.’ हे उद्धट वाटतं असं तू म्हणशील. चांगल्या संपादकाला यात अडचण वाटत नाही, उलट त्यालाही लेखकाला सांगायला आधार मिळतो. फाइलींच्या नावात पुस्तक, पान, टप्पा आणि क्रमांक एवढंच असावं. ‘फायनल’ हा शब्द वापरूच नकोस.

पैशाचं. सुरुवातीला ३० टक्के, रफ मंजूर झाल्यावर ४०, अंतिम फाइली दिल्यावर उरलेले ३०. ‘पुस्तक बाजारात आल्यावर’ असं मान्य करू नकोस, कारण पुस्तक कधी येणार हे तुझ्या हातात नाही. काम मधेच थांबलं तर झालेल्या टप्प्याचे पैसे मिळतील, ही ओळही करारात हवी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती करून ठेव. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ च्या एमएसएमई कायद्याचा नियम आहे, आणि करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. बिलाखाली नोंदणी क्रमांक दिसला की बरीच बिलं मागावी लागत नाहीत. टप्प्याटप्प्याने पैसे येत राहिले की घाबरून हाती घेतलेली कामंही कमी होतात, आणि माझ्या मते तुझ्या यादीतली किमान एक गोष्ट तशी घेतलेली आहे.

हक्कांचं नीट वाच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या १७ व्या कलमाप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेलं पेंटिंग असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे गप्प राहिलीस तर चित्र गेलं. करारात साफ लिही की चित्रांचे हक्क चित्रकाराकडे राहतील आणि प्रकाशकाला अमुक भाषेत, अमुक वर्षं, पुस्तकरूपात वापरण्याची परवानगी आहे. मूळ कागद परत मिळतील हेही लिही. चार कामं एकदम चालू असताना करार वाचायचा राहून जातो, म्हणून हा परिच्छेद तयार ठेव आणि प्रत्येक दरपत्रकाला जोड.

दिवाळी अंकांसाठी कालनिर्णय उघड. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. अंकाच्या तारखा त्याबरोबर सरकतात आणि मधे गणपतीचे दहा दिवस येतात. कथा उशिरा येतात, तारीख मात्र हलत नाही. चारही अंकांना आत्ताच कळव की कथा अमुक तारखेपर्यंत आली तरच चित्र मिळेल. कथा दोनदा वाच आणि शेवट चित्रात फोडू नकोस.

आता तुझा प्रश्न. चित्रपुस्तकाच्या रफला मंजुरी मिळाली आहे, म्हणजे रंग, मुखपृष्ठ आणि फाइली मिळून ३३ दिवस, पावसाचे ६ वाढवून ३९. दिवाळीच्या चार कथांचे ८. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा संपला. कादंबरीचे साधारण २० दिवस त्यानंतर. नव्या चित्रपुस्तकाचे थंबनेल, पात्रं आणि रफ मिळून आणखी २०, ते शाईच्या कामाशेजारी चालतील. मधे दिवाळी. दोन्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होतात. मग मंजुरी, दुरुस्त्या, आणि रंग डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा त्या प्रकाशकांना सांग: ‘काम आवडेल. रफ डिसेंबरच्या सुरुवातीला, अंतिम फाइली फेब्रुवारीअखेर. करार आणि पहिला हप्ता आत्ता.’ त्यांना जानेवारीच्या पुस्तक प्रदर्शनासाठी हवं असेल तर नम्रपणे नाही म्हण, आणि त्यांना चालेल अशा दुसऱ्या कुणाचं नाव सुचव. पत्र वाचून झालं की आधी कागद पिशवीत टाक.

कळावे.