जुन्या पोलोचा ड्राइव्ह शाफ्ट गेला आहे हे कसे ओळखावे? दुरुस्ती होते की पूर्ण एक्सलच बदलावा लागतो?

प्रश्नकर्त्यांची फोक्सवॅगन पोलो २०१२ ची आहे, पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बाहेर काढताना पुढच्या उजव्या बाजूने कटकट आवाज येतो, आणि गॅरेजने दोन्ही बाजूंचे पूर्ण एक्सल (ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारी दांडी, दोन्ही टोकांच्या जॉइंटसह) बदलण्याचे एस्टिमेट हातात ठेवले आहे. आवाज एका बाजूने येत असताना दोन्ही एक्सल बदलायला सांगणारा माणूस एकतर गाडीखाली गेलेलाच नाही, किंवा गेला असूनही त्याला दुरुस्तीपेक्षा विक्रीत जास्त रस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. याच विषयावरून आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगतो.

वळणावरची कटकट हा बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलेले असतानाही ताकद एकसारखी पोहोचवणाऱ्या सांध्याचा) आवाज. आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात मांडलेली सहा गोळ्यांची रचनाच आजही बहुतेक युरोपीय गाड्यांच्या पुढच्या चाकांशी असते. १९५९ च्या मिनीपासून ती सामान्य माणसाच्या छोट्या गाडीत रुळली. गाडी सरळ चालते तेव्हा प्रत्येक गोळी आपल्या खाचेत जवळजवळ एकाच जागी भार घेते, आणि ग्रीस संपले किंवा त्यात माती गेली की नेमक्या त्याच जागी खळगा पडतो. स्टिअरिंग वळवले की चाकाच्या प्रत्येक फेरीत गोळी खाचेत पुढे-मागे सरकते, त्या खळग्याच्या काठावर आपटते आणि कटकट ऐकू येते. म्हणून मोकळ्या जागी पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि ॲक्सिलरेटरवर थोडा जोर देत, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे गोल चक्कर मारावी. कोणती बाजू वाजते याबद्दल शंका असेल तर काचा खाली घेऊन एखाद्या भिंतीच्या कडेने जावे. भिंत आवाज परत फेकते आणि बाजू लगेच कळते.

आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचे लक्षण वेगळे असते. तो सहसा कटकटत नाही. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की सीटखालून आडवी थरथर जाणवते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच ती थांबते. सपाट हायवेवर पाय उचलल्यानंतरही स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं व्हील बेअरिंगची असते, आणि खड्ड्यात होणारी खटखट लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची. या चारही तक्रारींवर एकच औषध म्हणून एक्सल विकले गेलेले मी पाहिले आहेत.

आता माझी गोष्ट. माझी स्कोडा लॉरा, १.९ लिटर डिझेलची, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवलेली. एका पावसाळ्यानंतर गाडी धुताना डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले, तसेच शिंतोडे शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या भागावरही होते. स्टिअरिंग वळवून मागून हात घातला तर बाहेरच्या जॉइंटच्या बुटाच्या (ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवणाऱ्या घडीदार आवरणाच्या) दोन घड्यांच्या मधोमध बोटभर चीर पडली होती. आवाज अजिबात नव्हता. पुण्यातल्या एका नावाजलेल्या मल्टिब्रँड गॅरेजने गाडी रॅम्पवर घेतली, टॉर्च मारला आणि दोन्ही एक्सल, सोबत खबरदारी म्हणून दोन्ही व्हील बेअरिंग, असा कागद दिला. उजव्या बाजूचा बूट पूर्ण शाबूत होता, हे त्या सर्व्हिस ॲडव्हायझरला मी बोट लावून दाखवले, तेव्हा त्याने "सर, हे सेटमध्येच बदलतात," असे उत्तर दिले.

आमच्या दाजींचे मत तेच. त्यांचे म्हणणे असे, की जर्मन घराण्यातली गाडी उघडायची नसते, तिचा पार्ट अख्खा बदलायचा असतो, आणि बूट बदलणे म्हणजे फाटक्या छत्रीला ठिगळ लावणे. दाजी माझ्याहून वयाने बरेच मोठे आहेत आणि त्यांच्यासमोर मी आवाज चढवत नाही. मी गाडी नाना पेठेजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी सर्वांत आधी एक्सल दोन्ही हातांनी धरून पिळून पाहिला, मग चिरेत बोट घालून थोडे ग्रीस काढले आणि चिमटीत चोळले. मॉलिब्डेनमचे ग्रीस मुळातच काळे असते, त्यामुळे काळेपणाला घाबरायचे कारण नाही. त्यात करकर लागते का आणि उन्हात धरल्यावर धातूची चमक दिसते का, हे पाहायचे. माझ्या ग्रीसमध्ये थोडी माती होती, चमक नव्हती. लॉराच्या आतल्या फ्लँजला (एक्सल गिअरबॉक्सला जिथे जोडतात त्या चकतीला) सहा बोल्ट असतात आणि त्यांच्या डोक्यातली खाच बारा टोकांची असते. घाईतले मेकॅनिक तिथे टॉर्क्स किंवा ॲलन की ठोकतात, खाच गोल होते, आणि मग "एक्सल निघत नाही, कापावा लागेल" हे पालुपद सुरू होते. मिस्त्रींनी पोत्याच्या सुईने प्रत्येक खाचेतली वाळलेली माती उकरून काढली, योग्य बिट हातोडीने तळापर्यंत बसवला, आणि सहाही बोल्ट साधा पाना लावून सुटले.

एक्सल टेबलावर आल्यावर जॉइंट उतरवला, डिझेलने धुतला, गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्यावर व आतल्या-बाहेरच्या खाचांवर खुणा केल्या आणि पिंजरा तिरका करून गोळ्या एकेक करून काढल्या. खुणा अशासाठी, की प्रत्येक गोळी आपल्या जुन्या खाचेत परत गेली पाहिजे. खाचेतून नख फिरवले तर ते कुठेही अडकत नव्हते. चालण्याचा चकचकीत पट्टा दिसणे स्वाभाविक आहे; नख अडकणारा खळगा, किंवा पिंजऱ्याच्या खिडकीला पडलेली झीज दिसली, तर मात्र तो जॉइंट भंगारात जावा. मग नवे ग्रीस, नवा बूट, नवे सर्कलिप (जॉइंट दांडीवर अडकवून ठेवणारी कडी). पट्टी आवळण्याआधी मिस्त्रींनी बुटाच्या ओठाखाली छोटा स्क्रू-ड्रायव्हर सरकवून आत अडकलेली हवा सोडली, कारण ती राहिली तर बूट फुगून पुन्हा घासतो. केबल टायने बूट बांधणारे लोकही या शहरात आहेत. त्यांच्याकडे सायकलसुद्धा देऊ नये.

दाजींनी मात्र स्वतःच्या गाडीला बाजारातले स्वस्त, पेटीबंद, बिनब्रँडचे दोन पूर्ण एक्सल बसवून घेतले. त्यानंतर चढावर थरथर सुरू झाली, जी आधी नव्हती. मूळ कंपनीचा जुना जॉइंट, खाचा शाबूत असतील तर, नव्या बूट-ग्रीससह त्या पेटीतल्या नव्या मालापेक्षा सरस असतो, हे मी त्यांना दिवाळीत सांगितले, गणपतीत सांगितले आणि येथेही लिहून ठेवतो.

प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत फरक इतकाच, की त्यांचा जॉइंट वाजू लागला आहे, म्हणजे खळगा पडला आहे आणि नवे ग्रीस तो भरून काढणार नाही. तरीही बदलायचा तो उजवीकडचा बाहेरचा जॉइंट, बूट-ग्रीस-सर्कलिपच्या किटसह. शाफ्टची दांडी आणि आतला जॉइंट काय म्हणून टाकायचे? काही मेकॅनिक डावा-उजवा जॉइंट अदलाबदल करून खाचेची न झिजलेली बाजू कामाला लावतात आणि आवाज काही काळ बंदही होतो, पण ती गाडी विकण्यापूर्वीची चलाखी आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या येथे लिहितो. चाकाच्या मध्यभागी असलेला एक्सलचा बोल्ट किंवा नट एकदाच वापरायचा असतो. तो आवळण्याचे माप गाडीगणिक आणि बोल्टगणिक वेगळे असते, त्यामुळे पोलोचे माप तिच्या मॅन्युअलमधूनच घ्यावे. तो बोल्ट सैल असताना गाडी चाकांवर उभी करून ढकलू नये, व्हील बेअरिंग जाते. ज्या गाड्यांत एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी कडी जॉइंटवरच असते, तेथे नव्या जॉइंटवर तितकेच दाते आहेत ना, हे मोजून घ्यावे, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा जाणार नाही. स्प्लाइनचे, म्हणजे दांडीच्या टोकावरचे, दातेही जुन्याशी ताडून पाहावेत. आतला जॉइंट तीन रोलरांचा असेल तर त्याचे ग्रीस वेगळे असते, बाहेरच्याचे उरलेले त्यात भरू नये. आणि आवाज आता सरळ रस्त्यावरही येऊ लागला असेल तर हायवेवर जाणे थांबवावे, कारण जॉइंट तुटला की इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

पैसे देण्याआधी जुना जॉइंट उघडून, पुसून हातात मागावा आणि खाचेतून स्वतः नख फिरवून पाहावे. डावीकडचा बूट शाबूत असेल आणि त्या बाजूने आवाज नसेल, तर तेथे कोणालाही पाना लावू देऊ नये.